डाएट, झीरो, शुगर-फ्री: थंड्याच्या बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वरूड तालुक्यातल्या एका गावात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. चैत्र लागला की गावातल्या टपऱ्यांपुढे थंड्याची क्रेटं रचली जातात. आता त्यात काळ्या-चंदेरी रंगाच्या ‘झीरो’वाल्या बाटल्याही असतात. घरोघरी कुणाला ना कुणाला शुगर आहे, त्यामुळे या बाटल्या लोक औषध समजून घेतात. बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट पाहताना लोकांनी मला जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

समोर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘झीरो शुगर’ लिहिलेलं असते, मग मागचं काऊन वाचायचं?

समोरची बाजू बाटली विकण्यासाठी असते. कायद्याने जे सांगावंच लागतं, ते बहुतेक मागे बारीक अक्षरात असतं: घटकांची यादी, पोषणाचा तक्ता, इशारे. समोर लिहिलेलं खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ‘साखर नाही’ एवढंच तिथे कळतं. साखरेऐवजी काय घातलं, कॅफिन आहे का, लहान पोराला चालतं का, हे मागेच सापडतं.

लेबल तर इंग्रजीत असते. आम्ही कसं वाचावं?

ही तक्रार अगदी रास्त आहे. नियमाप्रमाणे लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. दुसरी भाषा सोबत छापायला परवानगी आहे, सक्ती नाही. म्हणून मराठी क्वचितच दिसते. मला हे मनापासून खटकतं. संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या बाईने आपल्या नवऱ्यासाठी बाटली घ्यायची, तर तिला तिच्या भाषेत कळायला नको का?

तोवर एक उपाय आहे. आकडे सगळ्यांना वाचता येतात आणि लेबलवरच्या निम्म्या गोष्टी आकड्यांतच असतात. कृत्रिम गोडव्यांना ठरलेले क्रमांक आहेत, ते पुढे दिले आहेत. अक्षर फार बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. माझ्या सातवीतल्या पोरी आता घरच्यांसाठी हे करून देतात.

तक्त्यात काय पाहायचं?

सगळ्यात आधी तक्त्याच्या डोक्यावर पाहा: आकडे कितीसाठी दिले आहेत? बहुतेक वेळा ते १०० मिलीसाठी असतात. १०० मिली म्हणजे आपला चहाचा लहान कप. पण बाटली असते २५० मिलीची, ६०० मिलीची, लग्नात तर २ लिटरची. माणूस ग्लास भरून पितो आणि आकडा वाचतो कपाचा.

साध्या, म्हणजे साखरेच्या कोल्याचं उदाहरण घेऊ. समजा १०० मिलीमागे साखर १०.६ ग्रॅम लिहिली आहे. वाटतं, दोन चमचे तर आहे. पण ६०० मिलीची बाटली एकट्याने संपवली तर सहाने गुणायचं: ६३.६ ग्रॅम. ५ ग्रॅमचा एक चहाचा चमचा धरला तर जवळजवळ तेरा चमचे. लेबलच्या नियमांत दिवसभराची वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरली आहे, ती २००० किलोकॅलरीच्या आहाराच्या हिशेबाने. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर जातो.

आता ‘झीरो’ची बाटली घ्या. तिथे साखर ० आणि ऊर्जा ० किंवा एखादी किलोकॅलरी दिसेल. साखरेच्या बाबतीत हा फरक खरा आहे आणि मोठा आहे, हे मान्य करायला हवं. ज्याला रोज दोन बाटल्या कोला लागतो, त्याने झीरोवर जाणं म्हणजे शंभरावर ग्रॅम साखर टाळणं.

तक्त्यात ‘कार्बोहायड्रेट’, त्याखाली ‘एकूण साखर’ आणि त्याखाली ‘वरून घातलेली साखर’ अशा तीन ओळी असतात. शुगरच्या माणसाने तिन्ही वाचाव्या. साखर शून्य पण कार्बोहायड्रेट भरपूर, असंही काही पावडरच्या पेयांत असतं. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन असतं. ते चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. एक ग्रॅम कार्बोहायड्रेटमागे ४ किलोकॅलरी, हा हिशेब लक्षात ठेवला की आकडे जुळतात की नाही ते स्वतःच तपासता येतं.

शून्य म्हणजे अगदी शून्य का?

‘शुगर-फ्री’ लिहायला १०० मिलीत ०.५ ग्रॅमपर्यंत साखर चालते. म्हणजे ६०० मिलीत जास्तीत जास्त ३ ग्रॅम, अर्ध्या चमच्याहून थोडी जास्त. त्याने फार बिघडत नाही. ‘लो शुगर’ मात्र वेगळं: द्रव पदार्थात १०० मिलीमागे २.५ ग्रॅमपर्यंत. ६०० मिलीला ते १५ ग्रॅम होतात, तीन चमचे. ‘फ्री’ आणि ‘लो’ हे दोन शब्द एक समजू नका.

‘डाएट’ अन् ‘झीरो’ यात फरक काय?

साखरेच्या दृष्टीने काहीच नाही. नावं वेगळी, चव थोडी वेगळी, गोडव्यांचं मिश्रण वेगळं. डबा फिरवून यादी वाचा.

साखर नाही तर गोड कशानं लागते?

कृत्रिम किंवा बिनकॅलरीच्या गोडव्यांनी. घटकांच्या यादीत हे नावाने किंवा आयएनएस क्रमांकाने, म्हणजे अन्नात मिसळायच्या घटकांना जगभर दिलेल्या ठरावीक क्रमांकाने लिहितात. हे पाच क्रमांक वहीत उतरवून घ्या:

९५० एसेसल्फेम पोटॅशियम
९५१ अ‍ॅस्पार्टेम
९५४ सॅकरिन
९५५ सुक्रॅलोज
९६० स्टीव्हियाच्या पानांतून काढलेले गोड घटक

अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रॅलोज साधारण ६०० पट. म्हणून ते चिमूटभरही लागत नाहीत, मिलिग्रॅममध्ये लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते: सगळ्यात जास्त ते आधी. म्हणून डाएट पेयात पहिलं नाव पाणी आणि गोडवा शेवटाकडे. साध्या कोल्यात पाण्यानंतर लगेच साखर येते. कुठल्याही पेयात पहिल्या दोन-तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज किंवा डेक्स्ट्रोज दिसलं, तर समोर काहीही लिहिलेलं असो, ते गोडच पेय आहे.

बाकीचे नेहमी दिसणारे क्रमांक: ३३० सायट्रिक आम्ल, ३३८ फॉस्फोरिक आम्ल, २११ सोडियम बेंझोएट (टिकण्यासाठी), १५०डी कॅरामेल रंग. क्रमांक दिसला की विष, असं समजू नका. ३३० म्हणजे लिंबात असतं तेच आम्ल.

अ‍ॅस्पार्टेमनं कॅन्सर होतो म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

त्या मेसेजमागे एक खरी बातमी आहे, पण ती अर्धीच फिरली. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात, म्हणजे २बी मध्ये टाकलं. या गटात पुरावा मर्यादित असतो. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची सुरक्षितता पाहणाऱ्या दुसऱ्या समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम.

हिशेब करून पाहू. ७० किलोच्या माणसाला २८०० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं, तर ती मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील. आपल्या गावात एवढं कुणी पीत नाही. आठवड्यातून एखादा कॅन पिणाऱ्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. लहान पोराचं वजन मात्र १५-२० किलो असतं, त्याची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली येते.

वजन उतरवायला डाएट थंडा प्यावा का?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, कारण दीर्घकाळात त्याने चरबी कमी होताना दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हता, हेही लक्षात घ्या. माझं निरीक्षण साधं आहे. झीरोचा थंडा घेतला म्हणून सोबत दोन समोसे जास्त खाल्ले जातात. तो हिशेब लेबलवर येत नाही.

बाटलीवर ‘फेनिलकीटोन्युरिक व्यक्तींसाठी नाही’ असं लिहिलेलं असते. हे कोण?

जन्मापासून असणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात शरीराला फेनिलअ‍ॅलनिन नावाचा घटक नीट पचवता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा होते. अ‍ॅस्पार्टेम पोटात गेल्यावर त्यातून फेनिलअ‍ॅलनिन निघतं. म्हणून ९५१ असलेल्या प्रत्येक बाटलीवर हा इशारा छापावाच लागतो. बाकीच्यांसाठी त्या ओळीचा उपयोग एवढाच की ती दिसली म्हणजे आत अ‍ॅस्पार्टेम आहे.

लेकराला साखरेपेक्षा झीरो दिलेला बरा ना?

नाही. गोडव्याचं नाव आणि ‘लहान मुलांसाठी शिफारस केलेली नाही’ ही सूचना बाटलीवर असते, ती तिथे उगाच नाही. लेकराला तहान लागली असेल तर पाणी द्या.

‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेला संत्र्याचा रस शुगरवाल्याला चालतो?

हा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात जास्त येतो. साहजिक आहे, संत्रं आमचं पोट भरतं.

‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातली नाही. फळाची स्वतःची साखर त्यात असतेच. अख्खं संत्रं खाल्लं तर सोबत चोथा जातो, खायला वेळ लागतो आणि एका-दोघांत माणूस थांबतो. रसाच्या एका ग्लासात तीन-चार संत्री चोथ्याविना दोन मिनिटांत उतरतात. म्हणून ‘वरून घातलेली साखर ०’ वाचून थांबू नका, ‘एकूण साखर’ची ओळ पाहा.

दुसरी गोष्ट, चित्राला भुलू नका. खोक्यावर पाणी टपकणारी संत्र्याची फोड असते आणि आत ‘फ्रूट ड्रिंक’ असतं. त्या प्रकारात फळाचा रस किमान १० टक्के असला तरी चालतो, लिंबाच्या पेयात तर ५ टक्के. उरलेलं पाणी, साखर, आम्ल, वास. रस किती टक्के आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं, शोधून वाचा. बागेत उभ्या झाडाखाली गळालेली संत्री सडत असताना आपणच दुकानातून १० टक्के संत्रं विकत आणतो, हे पाहून मला दरवर्षी वाईट वाटतं.

जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला कंपन्यांना सांगितलं. अर्क पाण्यात मिसळून परत तयार केलेल्या रसाला १०० टक्के कसं म्हणणार, असा तो मुद्दा होता.

एनर्जी ड्रिंकचा शुगर-फ्री कॅन पोरं पितात. साखर नाही म्हणजे नुकसान नाही?

साखर गेली, कॅफिन राहिलं. नियमाप्रमाणे ‘कॅफिनयुक्त पेय’ म्हणजे लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन. ३०० च्या हिशेबाने २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅम. त्यावर जास्त कॅफिन असल्याचा आणि मुलं, गर्भवती व स्तनदा मातांनी न पिण्याचा इशारा असतो, दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नये असंही लिहिलेलं असतं. रात्री झोप येत नाही, छाती धडधडते असं सांगणाऱ्या दहावीच्या पोराला मी आधी हेच विचारते, दिवसभरात कॅन किती झाले?

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर हा नियम वापरा.

ऊन लागलं, जुलाब झाले तर झीरोचा थंडा चालतो का? थंड असते, पाणीही असते.

जुलाबात अजिबात नाही. याचं कारण समजून घ्या, मग कुणी सांगायची गरज पडणार नाही.

आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. ओआरएस याच तत्त्वावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. डाएट थंड्यात ग्लुकोज नाही आणि सोडियम नावालाच. साध्या थंड्यात लिटरमागे शंभराच्या आसपास ग्रॅम साखर: एवढी दाट साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे एकात कमी पडतं आणि दुसऱ्यात जास्त होतं.

मेडिकलमध्ये गोड चवीचे खोके ‘ओआरएस’ नावाशी मिळतंजुळतं नाव लावून विकले जात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सांगितलं की सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. तरी खात्री करून घ्या: पाकिटावर वरचे चार घटक आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा. आशाताईकडे ओआरएसची पाकिटं असतात. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच कालवायचं, अर्धं-अर्धं नाही.

शुगर एकदम उतरली तर थंडा देतात. तो कोणता द्यायचा?

हे उत्तर मी सगळ्यांना हात धरून सांगते, कारण आमच्या घरी घडलं आहे.

एका लग्नात पंगत दुपारी तीनपर्यंत लांबली. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. एकाएकी दरदरून घाम, हात थरथर, बोलणं बरळल्यासारखं. कुणीतरी ओरडलं, शुगर उतरली, थंडा आणा. धावत जाऊन पोराने बाटली आणली, आम्ही ग्लासभर पाजला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, फरक नाही. मग माझ्या जावेने बाटली फिरवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाटली झीरोची होती. शुगरच्या माणसासाठी म्हणून पोराने मुद्दाम तीच निवडली होती. आचाऱ्याकडून साखर आणून पाण्यात कालवून पाजली, तेव्हा हळूहळू डोळे ताळ्यावर आले.

पोराची चूक नव्हती. आम्हीच त्याला ‘आजोबांना साखर चालत नाही’ असं शिकवलं होतं.

म्हणून स्पष्ट लिहिते: शुगर उतरल्यावर साखरच द्यायची. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात. थंडाच हाताशी असेल तर साखरेचा, साधारण १५० मिली, आणि आधी तक्त्यात साखरेचा आकडा पाहून. पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर तेवढंच पुन्हा द्या, मग जेवू घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा.

क्रेटं दिवसभर उन्हात असतात. त्यानं काही होते?

लेबलवर ‘थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि क्रेटं टपरीबाहेर. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने विघटित होतं, गोडी उतरते. डाएटची बाटली पाणचट किंवा वेगळीच लागली तर तेही कारण असू शकतं. तारीख पाहून, सावलीतली बाटली मागा.

दात अन् किडनीचं काय?

साखर नसली तरी आम्ल आहेच, आणि आम्ल दातांवरचं आवरण झिजवतं. घोट-घोट करत तासभर पिऊ नये. किडनीचा आजार असेल तर ३३८, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल असलेली पेयं टाळण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, अशा रुग्णांना फॉस्फरस सांभाळावा लागतो.

दुकानदार ‘कूलिंग’चे पाच रुपये जास्त घेतो.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर घेणं बेकायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बाटलीवरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही लिहून ठेवा, आतल्या मालाबद्दल तक्रार असेल तर तो लागतो.

मग शुगरवाल्यानं उन्हाळ्यात प्यावं तरी काय?

पाणी, बिनसाखरेचं ताक, मीठ-जिरं घातलेलं लिंबूपाणी. बीपी असेल तर मीठ बेतानं. पन्हं गुळाचं असलं तरी त्यात साखरच जाते, गूळ ‘चालतो’ हा समज सोडा. रसवंतीवरचा उसाचा रसही तसाच, त्याला लेबल नसतं एवढंच. आणि पाहुण्यांत बसून सगळ्यांसोबत थंडा घ्यावासा वाटला, तर तेव्हा झीरोचा एक ग्लास शुगरच्या माणसाला खुशाल घेऊ द्या. त्यालाही पंगतीतून उठवल्यासारखं वाटू नये.

घरात दोन्ही बाटल्या असतात. गडबडीत ओळखायच्या कशा?

आम्ही झीरोच्या बाटलीच्या मानेला लाल रबर अडकवतो, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळतं. आणि मामाजींच्या बंडीच्या खिशात, चुन्याच्या डबीशेजारी, साखरेची एक पुडी कायम असते. कपडे धुवायला टाकताना आधी ती पुडी बाहेर काढून ठेवायची, हे घरात आता सगळ्यांना माहीत आहे.